दुसरा बार

"मा, हलू नकोस," म्हातारा नावाडी हाराण बंगालीत, अगदी हळू म्हणाला. "काठावर कुणीतरी आलंय."

सरलाने गळाची काठी मांडीवर आडवी घेतली. धुकं इतकं दाट होतं, की चार हातांवर पाण्यात उभी असलेली, गळाला बांधलेली मोरपिसाची काडीसुद्धा दिसेनाशी झाली होती. होडीचं पुढचं टोक दिसत होतं, तिथे उकिडवा बसलेला हाराण दिसत होता. त्याच्या पलीकडे सगळं पांढरं. त्या पांढऱ्यात, अगदी जवळ, बदकं होती. अडईंची शीळ ऐकू येत होती, चांदवे पाणी थापटत पळत होते, आणि शेकडो चोची एकदम चिखल चाळत असल्याचा बारीक बुडबुड आवाज चहूबाजूंनी येत होता.

काठावर गाडीचं दार लागलं. मग आणखी एक.

"शिकारी," हाराण म्हणाला. "नाताळपासून येताहेत. पण उजाडल्यावर येतात. धुक्यात कुणी बार काढत नाही."

त्याने बांबू उचलला आणि परत खाली ठेवला. होडी हलवली तर बदकं उठणार, आणि उठली की बंदुका उठणार. ते दोघांनाही कळत होतं. हाराण होडीच्या तळाशी वाकून बसला आणि त्याने तिलाही हाताने खाली बसण्याची खूण केली.

"अहो, बसलेलीच घेतो," काठावरून आवाज आला. "ह्या धुक्यात उडवून काय दिसणार आहे? समोरच आहेत, ऐका ना!"

हे मराठी होतं. आणि हा आवाज सरला गेली सहा वर्षं रोज ऐकत होती. सकाळी साडेदहाला, टेबलापलीकडून, शॉर्टहँडची वही गुडघ्यावर धरून. कर्णिकसाहेब!

तिने हाक मारायला हवी होती. तेव्हाच. पण तिच्या मनात पहिल्यांदा आली ती लाज. बाबांचा जुना लोकरी कोट अंगात, साडी पोटरीपर्यंत खोचलेली, मांडीवर गळाला लावायच्या मुंग्यांच्या अंड्यांचा डबा. साहेबांना आपण अशा दिसणार! ती गप्प राहिली. दोन श्वास, फार तर तीन.

पहिला बार झाला.

होडीच्या उजवीकडे पाण्यावर मूठभर वाटाणे फेकल्यासारखे छर्रे पडले. सगळी झील एकदम उठली. हजारो पंखांचा घोंगावता आवाज झाला, अंगावर पाणी उडालं. सरला होडीत उभी राहिली आणि आवाजाच्या दिशेने जीव खाऊन ओरडली, "थांबा! साहेब, थांबा! इथे माणसं आहेत!"

तळाशी पालथ्या पडलेल्या हाराणने मान वर केली. ती काय ओरडतेय, कुणाला ओरडतेय, त्याला कळेना. ती बघत होती तिकडे त्याने तोंड वळवलं.

दुसरा बार झाला.

*

सरला नाबर एक्केचाळीस वर्षांची होती. जन्म कलकत्त्याचा, शाळा कलकत्त्याची, नोकरी कलकत्त्यातच, एका सरकारी कॉर्पोरेशनमध्ये स्टेनोग्राफर म्हणून. वडील मालवणाहून रेल्वेत ड्राफ्ट्समन म्हणून आले आणि इथलेच झाले. बालीगंजच्या दोन खोल्यांत आता ती आणि आई. लग्न झालं नाही, त्याचं विशेष असं कारणही नव्हतं. पाहुणे पुण्यामुंबईहून येणार, मुलगी पाहणार, पत्र पाठवणार, ह्यात वर्षं गेली.

वडिलांनी तिला दोन गोष्टी शिकवल्या: रेघ सरळ ओढायची, आणि पाण्याजवळ गप्प बसायचं. ते हिवाळ्यातल्या रविवारी तिला पहिल्या बजबज लोकलने घेऊन जात. बजबजच्या अलीकडे उतरून मैलभर चाललं की दत्तबाबूंची झील लागे. थंडीत मासा सुस्त असतो, गळाला नुसतं नाक लावून परत जातो, त्यामुळे दिवसभरात एखादा मागूर मिळाला तरी पुष्कळ. पण मासा हे निमित्त होतं. कार्तिक सरला की उत्तरेकडून बदकं उतरायची. लांब शेपटीची तलवार बदकं, पांढऱ्या भुवईची छोटी बदकं. बाबा त्यांची मराठी नावं सांगत, हाराण बंगाली सांगे, आणि ऊन वर येऊन पाणी तापेपर्यंत तिघं त्या नावांवरून वाद घालत. बाबा गेल्यावर चार वर्षं ती एकटी जात होती. आठवड्याचे सहा दिवस ती दुसऱ्यांची वाक्यं लिहायची. सातव्या दिवशी होडीत बसून कुणाचंच काही लिहायचं नाही, ह्याच्यासारखं सुख तिला दुसरं माहीत नव्हतं.

ऑफिसात हे कुणाला ठाऊक नव्हतं. बाईमाणूस गळ घेऊन बसतं, हे सांगायचं कसं?

*

कर्णिकसाहेबांनी हाराणला स्वतः उचलून गाडीत ठेवलं. त्यांच्या बुशशर्टवर रक्त लागलं होतं, ओठ पांढरे पडले होते. सरलाला पाहून ते क्षणभर ओळखलंच नाही अशा नजरेने बघत राहिले. "तुम्ही? तुम्ही इथे कशा?" एवढंच ते म्हणाले. बरोबर शिकारीला आलेले दोघे पाहुणे मागच्या जीपमध्ये बसून गेले ते पुन्हा दिसले नाहीत.

सगळ्या वाटेत सरलाने आपला पदर हाराणच्या चेहऱ्यावर धरून ठेवला होता. तो कण्हत नव्हता. फक्त मधेमधे विचारत होता, "मा, होडी बांधली ना?"

"बांधली, काका."

तिने बांधली नव्हती. होडी तशीच पाण्यावर सोडून ते आले होते.

सरकारी इस्पितळाच्या ओसरीवर हाराणला आत नेल्यानंतर साहेब तिच्याजवळ येऊन उभे राहिले. चारुदत्त कर्णिक हा उंच, देखणा, हसतमुख माणूस. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात स्वतः आरतीची तबकं उचलणारा. गेल्या वर्षी सरलाची आई न्हाणीत पडून तिच्या खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा त्यांनी स्वतःची गाडी पाठवली होती, मोठ्या सर्जनला फोन केला होता आणि महिनाभर घरून डबा येत होता. आई देवाजवळ दिवा लावताना त्यांचं नाव घ्यायची.

"सरलाबाई, धुकं किती होतं पाहिलंत ना तुम्ही," ते म्हणाले.

"हो."

"काही दिसत नव्हतं."

"दिसत नव्हतं," ती म्हणाली.

ते थांबले. दिसण्याबद्दल दोघांचंही बोलून झालं होतं. ऐकण्याबद्दल कुणीच बोललं नाही.

घरी आल्यावर आईने कोटाची बाही उलटी करून पाहिली. कोपराच्या वर दोन बारीक भोकं होती. आईने त्यांतून करंगळी घालून पाहिली आणि मटकन खाली बसली.

"कुणी गो? कुणी मारली बंदूक?"

"कर्णिकसाहेबांनी."

आईने बाही पुन्हा सुलटी केली. मग म्हणाली, "चुकून."

"पहिली चुकून, आई."

*

सोमवारी ऑफिस सुटल्यावर ती इस्पितळात गेली. हाराणच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. डावा डोळा काढावा लागला होता, उजव्याचं आठवडाभराने कळणार होतं. खाटेजवळ त्याची मुलगी शेफाली बसली होती. तिने सरलाला बाहेर व्हरांड्यात नेलं.

"साहेब येऊन गेले सकाळी," शेफाली म्हणाली. "संत्री आणली. बाबांच्या पायाला हात लावला त्यांनी. माझ्या नवऱ्याला तुमच्या ऑफिसात शिपाई म्हणून घेतो म्हणाले. दोन वर्षं गिरणी बंद आहे दिदी, तो घरीच बसून आहे."

"बरं झालं."

"पोलीस तुम्हाला विचारतील. साहेब सांगतील तसं सांगा. डोळा गेला तो गेला. आता घर तरी राहू दे."

सरलाने मान हलवली. ती हो म्हणत होती की नुसतं ऐकत होती, हे तिचं तिलाच कळलं नाही.

आत आल्यावर ती खाटेच्या कडेला बसली. हाराणने हात चाचपत तिचं मनगट धरलं.

"मा, एक विचारू? तू तेव्हा काय म्हणालीस?"

"कधी?"

"दोन बारांच्या मधे. मला आधी वाटलं, तुलाच लागलं. पण तू तर काठाकडे बघत होतीस. मी म्हटलं, बघावं कोण आहे. काय म्हणालीस तू? मला ती भाषा कळत नाही."

चाळीस वर्षं ह्या शहरात काढलेली बाई. भाजीवाल्याशी, कंडक्टरशी, शेजाऱ्यांशी, खुद्द हाराणशी ती बंगालीच बोलायची. ती बंगालीत ओरडली असती तर हाराण आणखी खाली दबला असता. पण समोरचा माणूस मराठी होता. त्याला समजावं म्हणून ती मराठीत ओरडली. त्याला समजलं. आणि ह्याला समजलं नाही म्हणून ह्याने तोंड वर केलं.

"थांबा म्हणाले," ती बंगालीत म्हणाली. "इथे माणसं आहेत, असं म्हणाले."

हाराणने मान डोलावली. "बरोबरच म्हणालीस," तो म्हणाला आणि तिचं मनगट सोडून त्याने कूस बदलली.

त्या संध्याकाळी बसमध्ये दांडीला धरून उभी असताना एक विचार तिच्याजवळ आला आणि जागचा हलेना. नावेतून कुणी ओरडलंच नाही, असं ठरलं तर? साहेब सुटतील. शेफालीच्या नवऱ्याला काम लागेल. आणि ती स्वतःही सुटेल. तिच्या ओरडण्यानेच हाराणने मान वर केली, हे मग कुणालाच कधी कळणार नाही.

*

मंगळवारी साडेदहाला साहेबांनी तिला आत बोलावलं. दार लावायला सांगितलं. खिडकीखालच्या भिंतीवर निवडणुकीच्या घोषणा रंगवणाऱ्यांची आरडाओरड चालली होती. साहेबांनी खिडकीही लावली.

"पोलिसांना निवेदन द्यायचंय. घ्या."

तिने वही उघडली. साहेब खोलीत येरझारा घालत इंग्रजीत सांगू लागले, नेहमीच्या ठाम, सुटसुटीत वाक्यांत. तारीख. वेळ. हवामान. परवान्याचा क्रमांक. पेन्सिल धावत होती. वीस वर्षांत तिने कुणाचं एक वाक्य गाळलं नव्हतं की एक शब्द आपल्या मनाने घातला नव्हता. पेन्सिल वहीवर टेकली की तिचं डोकं बाजूला होई. आजही तसंच व्हावं, एवढीच तिची इच्छा होती.

"'दाट धुक्यामुळे होडी दिसणं शक्य नव्हतं,'" साहेब म्हणाले. "'मी लागोपाठ दोन बार काढले. दोन्ही बारांच्या आधी किंवा मधे होडीतून कोणताही आवाज आला नाही. होडीत असलेल्या मिस नाबर ह्याला दुजोरा देतील.'"

पेन्सिल थांबली.

साहेब पुढे दोन वाक्यं सांगून गेले आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

"काय झालं?"

"आवाज आला होता, साहेब."

"कसला आवाज?"

"माझा. मी मराठीत ओरडले. तुम्हाला साहेब म्हणून हाक मारली."

साहेब खुर्चीत बसले. टेबलावरचा काचेचा पेपरवेट त्यांनी उगाच फिरवला, मग त्यावर पंजा ठेवून तो थांबवला.

"बाराने कान बधिर होतात, सरलाबाई. तुम्हाला कल्पना नाही."

तिने वहीतली शेवटची ओळ पुन्हा वाचली.

"आणि पाखरं डोक्यावर उठलेली. एका नळीनंतर दुसरी नळी... तो हात आपला नसतो. तीस वर्षांची सवय." ते थांबले. जरा वेळाने, ऑफिसात कधी न काढलेल्या आवाजात म्हणाले, "ऐकलं मी. काहीतरी ऐकलं. कळेपर्यंत बोट ओढलं गेलं होतं. अर्धा सेकंद. अर्ध्या सेकंदासाठी माझी सगळी नोकरी, पेन्शन... मुलीचं लग्न ठरलंय, तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे, साहेब." निमंत्रणपत्रिकेचा मजकूर तिनेच टाइप केला होता.

"त्या म्हाताऱ्याला मी टाकणार नाही. त्याच्या जावयाला घेतोय. तुमच्या आईंच्या वेळी मी कसा वागलो ते तुम्ही पाहिलंय. मी काही वाईट माणूस नाही."

"नाही, साहेब." तिने ते मनापासून म्हटलं. तेच तर अवघड होतं.

"मग? हे तुम्हाला आणि मला सोडून कुणाला माहीत आहे?"

"हाराणकाकांना. त्यांना शब्द कळले नाहीत, एवढंच."

साहेबांनी पेपरवेट बाजूला सारला. बाहेर कुणीतरी दारावर टकटक केलं, साहेब "नंतर!" असे ओरडले, आणि पावलं दूर गेली. सरलाने पेन्सिल वहीत ठेवली.

"निवेदन तुमचं आहे. तुम्ही सांगाल तसं मी टाइप करीन, एक अक्षर बदलणार नाही. फक्त दुजोऱ्याचं वाक्य काढा. माझं काय ते मी ठाण्यावर सांगेन."

"सरलाबाई, नीट विचार करा."

"रात्रभर केला, साहेब."

त्यांनी ते वाक्य काढलं नाही. नुसतं म्हणाले, "टाइप करा." तिने सांगितल्याप्रमाणे सगळं टाइप केलं, त्या वाक्यासकट. तीन प्रती, एकही खाडाखोड नाही. कागद त्यांच्या टेबलावर ठेवून ती अर्ध्या दिवसाची रजा मागून निघाली.

ठाण्यावरचा अधिकारी तरुण होता, थकलेला होता, आणि निवडणुकीच्या बंदोबस्ताने वैतागलेला होता. साहेबांचं म्हणणं त्याला आधीच कळलं असावं, कारण फोन येऊन गेला होता. सरला बंगालीत सांगत गेली आणि हवालदार लिहीत गेला. आवाज ओळखल्याचं तिने सांगितलं. लाजेने दोन-तीन श्वास गप्प राहिले, तेही सांगितलं. मग पहिला बार, तिचं ओरडणं, हाराणने तोंड वर करणं, दुसरा बार.

अधिकाऱ्याने हवालदाराला हाताने थांबवलं.

"तुम्ही ओरडलात म्हणून त्याने वळून पाहिलं, असं तुमचं म्हणणं?"

"हो."

"हे तुमच्याच अंगावर येतं, कळतंय का? समोरचा वकील हेच धरून बसेल. म्हणेल, तुम्ही गप्प बसला असतात तर त्याचा डोळा वाचला असता. ओरडलात एवढं पुरे. पुढचं लिहायलाच हवं असं नाही."

सरलाने त्याच्या टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली.

"लिहा," ती म्हणाली.

*

खटला चौदा महिने चालला. वकील खरंच तेच धरून बसला, आणि भर कोर्टात सरलाला तीन वेळा कबूल करावं लागलं, की हो, मी ओरडले म्हणूनच. साहेबांना निष्काळजीपणाबद्दल दंड झाला आणि बंदुकीचा परवाना गेला. कॉर्पोरेशनने त्यांची नागपूरला बदली केली. निरोपसमारंभात त्यांनी सगळ्यांचे आभार मानले, सरलाचेही, नाव घेऊन. ती मागच्या रांगेत उभी होती. जाताना ते तिच्याजवळ थांबले, काही बोलतील असं वाटलं, पण नुसते हात जोडून निघून गेले.

नव्या साहेबांनी आपला स्टेनो आणला. सरलाला डिस्पॅचमध्ये बसवलं, दिवसभर पाकिटांवर पत्ते टाइप करायला. शेफालीच्या नवऱ्याचं काम झालं नाहीच. मंडळाच्या हळदीकुंकवाला तिला बोलावणं आलं, पण ती गेली तेव्हा बायकांचं बोलणं थांबलं आणि कुणीतरी घाईघाईने तिला तिळगूळ दिला. त्या दिवशी ती घरी आल्यावर आई म्हणाली, "पुढच्या वर्षी घरीच कर. मी आहे, तू आहेस. पुष्कळ झालं."

दिवा लावताना आई आता कुणाचंच नाव घेत नसे.

हाराणच्या उजव्या डोळ्याला उजेड आणि सावली एवढंच उरलं. होडी त्याने विकून टाकली. सरला त्या हिवाळ्यात झिलीवर गेली नाही. आपण कुठल्या तोंडाने जायचं, हेच तिला समजत नव्हतं. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात, माघातल्या एका रविवारी, ती पहिल्या लोकलमध्ये बसली. गळ घेतला नव्हता.

हाराणच्या झोपडीच्या अंगणात शेफाली भात पाखडत होती. तिने सरलाकडे पाहिलं, या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही, सूप घेऊन आत गेली. हाराण पेरूच्या झाडाखाली उन्हात बसून जाळं विणत होता. झाडाच्या बुंध्याला दोरा बांधलेला, हातात बांबूची सुई, आणि प्रत्येक गाठीनंतर तो जाळ्याचा डोळा बोटांनी मोजून बघत होता.

"कोण?" त्याने विचारलं.

"मी, काका. सरला."

त्याचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले.

"तुझ्या आईचं हाड कसं आहे?"

"चालते आता. काठी घेऊन."

"हं."

ती उभीच होती. झिलीच्या बाजूने बदकांचा एक थवा आला, त्यांच्या डोक्यावरून शिट्या घालत दक्षिणेकडे गेला. दोघांपैकी कुणीच वर पाहिलं नाही.

"हे टोक झाडाला नीट ताणत नाही," हाराण म्हणाला. "सैल राहतं. मग गाठ खोटी बसते."

सरला खाली मातीत बसली. बुंध्याचा दोरा सोडवून तिने तो आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि मागे सरकली.

"अजून जरा," तो म्हणाला.

तिने अजून जरा ओढलं. हाराणने बोटांनी दोरा चाचपून पाहिला, मान हलवली, आणि पुढची गाठ घातली.

परतीची लोकल दुपारी चारला होती. तोपर्यंत ती तशीच धरून बसली.